वाचून दाखवलं का?

खरेदीखताची नोंदणी झाली की संगणकातून दस्ताचा गोषवारा छापून निघतो. पक्षकारांचे फोटो, अंगठ्यांचे ठसे, शिक्क्यांच्या वेळा, आणि खाली एक वाक्य: ‘खालील इसम असे निवेदित करतात की ते दस्तऐवज करून देणाऱ्यांना व्यक्तिशः ओळखतात, व त्यांची ओळख पटवितात.’ त्याखाली आणखी दोन नावं, दोन फोटो, दोन ठसे. व्यवहार पाच लाखांचा असो वा पाच कोटींचा, समोर उभा असलेला माणूस जमिनीचा मालक म्हणून नाव लागलेलाच माणूस आहे, याची हमी हे दोघं देतात. ते गावचे, भावकीतले असतील तर उत्तम. पण पुष्कळदा ते एजंटच्या गाडीचा ड्रायव्हर असतात, झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा असतो, वकिलाच्या ऑफिसातला क्लार्क असतो. लिहून देणाऱ्याचं तोंड त्यांनी त्याच सकाळी, चहाच्या टपरीवर पहिल्यांदा पाहिलेलं असतं.

मी तालुक्याच्या गावी एका वकिलांच्या ऑफिसात दस्तांचं काम करते. मसुदा टाइप करणं, सात-बारा, आठ-अ आणि फेरफार काढून ठेवणं, चलन भरणं, नोंदणीच्या संकेतस्थळावर दस्ताची माहिती भरणं, टोकन घेणं, पक्षकारांना ओळीने उभं करणं. दस्तावर माझी सही कुठेच नसते. आमच्यासारखे लोक प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर सापडतील: टायपिस्ट, सर्चला म्हणजे जुन्या नोंदी शोधायला जाणारे, झेरॉक्सवाले, दस्तलेखक, एजंटांकडची पोरं. वकिलांच्या वर्तनावर बार कौन्सिल आहे. नोटरीला १९५२ चा कायदा आहे. नोंदणीकृत गृहप्रकल्पांचे व्यवहार करणाऱ्या एजंटांना १ मे २०१७ पासून रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखाली नोंदणी सक्तीची झाली, आणि २०२३ पासून महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, त्यांच्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा ठेवली. ज्यांच्या हातून कागद प्रत्यक्ष तयार होतो, त्यांच्यासाठी ना परीक्षा, ना शपथ, ना आचारसंहिता. कोणी आम्हाला खाली बसवून कधी सांगत नाही की या कामात बरोबर काय आणि चूक काय. प्रत्येक जण आपापल्या मालकाकडे बघून शिकतो. मालक चांगला मिळाला तर चांगलं शिकतो.

लोकांची एक ठाम समजूत असते: सरकारी शिक्का बसला, म्हणजे सगळं तपासून झालं. तसं नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधक मुख्यतः एवढं पाहतात की दस्त करून दिल्याचं माणूस कबूल करतो का, तो तोच माणूस आहे का, आणि दुसऱ्याच्या वतीने आला असेल तर त्याला तसा अधिकार आहे का. जमीन त्याची आहे की नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न नसतो. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूचा एक नियम रद्दबातल ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. आपल्याकडे नोंदणी दस्ताची होते, मालकीची नाही. पक्षकाराला दस्त समजला का, हे विचारायला निबंधकांकडे एक-दोन मिनिटं असतात. बाहेर रांग असते. मार्चअखेरीला तर १ एप्रिलपासून रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी धरायच्या सरकारी बाजारभावाचे, दर वाढतील या भीतीने एवढी गर्दी होते की विचारणाऱ्याचा प्रश्न आणि सांगणाऱ्याचं ‘हो’ एकाच वेळी बाहेर पडतात. म्हणून जी काही विचारपूस व्हायची ती आत जाण्याआधी, आमच्या टेबलाशी व्हायला हवी. तिथे झाली नाही तर ती पुढे कुठेच होत नाही.

हे मला शिकवलं आमच्या ऑफिसातल्या अण्णांनी. अण्णा जुने दस्तलेखक, हाताने दस्त लिहायचे त्या काळातले. त्यांचा नियम साधा होता: दस्त मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय सहीला द्यायचा नाही. समोर शाळामास्तर असो नाहीतर अंगठेबहाद्दर. प्रत्येक नवीन टायपिस्टला ते कागद हातात घेऊन एकच विचारायचे, ‘वाचून दाखवलं का?’

त्यांनी वाचलेलं एक हक्कसोडपत्र मी विसरू शकत नाही. गाव आणि नावं सांगत नाही. वडील वारले, सात-बाऱ्यावर वारसनोंद होऊन दोन भाऊ आणि एका बहिणीची नावं लागली. बहीण साठीच्या पुढची, सासर दूरच्या तालुक्यात. भावांनी तिला गाडी पाठवून आणलं होतं. मसुदा तयार होता, तो मीच टाइप केलेला. अशा दस्ताला मुद्रांक शुल्क अगदी थोडं लागतं, काहीशे रुपयांत काम होतं, म्हणून भावंडांमध्ये हा दस्त सर्रास होतो. धाकटा भाऊ म्हणाला, ‘अण्णा, वाचायचं काय त्यात, घरचंच हाय.’ अण्णांनी चष्मा लावला. ‘टोकनला वेळ आहे. आक्का, तुम्ही इकडं पंख्याखाली बसा.’

त्यांनी आधी कागदावरचं वाचलं, मग तेच आपल्या शब्दांत सांगितलं. ‘आक्का, वडिलांच्या जमिनीत आणि गावठाणातल्या घरात तुमचा जो हिस्सा आहे, तो तुम्ही भावांना कायमचा सोडून देताय. त्याचे पैसे तुम्हाला मिळणार नाहीत असं यात लिहिलंय. सही झाली की सात-बाऱ्यावरून तुमचं नाव कमी होईल. नंतर नुसतं मागून ते परत लागत नाही.’

बाई भावाकडे बघत म्हणाल्या, ‘सोसायटीच्या कर्जाला सह्या पायजेत म्हणलावतास की रं तू.’

त्या दिवशी दस्त झाला नाही. अण्णा भावांना काही बोलले नाहीत. बाईंनाही ‘देऊ नका’ म्हणाले नाहीत. ते आमचं काम नाही, हे ते पक्कं जाणून होते. आमच्या वकीलसाहेबांनी तयार कागद फायलीत ठेवला आणि म्हणाले, घरी बसून बोला, मग या. महिन्याभराने तिघं परत आले. शेतातला हिस्सा बाईंनी सोडला, घरातला ठेवला. नवा मसुदा केला, तोही वाचून दाखवला. या वेळी मधेच थांबवून त्यांनी घराचा मिळकत क्रमांक दोनदा विचारला.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे. त्या तारखेला वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानेच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं. कायदा स्पष्ट झाला. पण तो त्या बाईपर्यंत पोचायचा रस्ता आमच्या टेबलावरून जातो. कित्येक बहिणी समजून-उमजून हक्क सोडतात. भावाची ओढाताण त्यांना दिसत असते, माहेर टिकवायचं असतं, आपल्या घरी सुख असतं. तो त्यांचा निर्णय आहे आणि तो घ्यायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. पण कर्जाच्या कागदावर सही करतोय असं समजून केलेली सही हा निर्णयच नव्हे. आणि त्या दस्ताच्या शेवटी तर ठरलेलं वाक्य असतं: ‘हा दस्त आम्ही राजीखुशीने, अक्कलहुशारीने, वाचून, समजून-उमजून, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून दिला असे.’ हे वाक्य तिने लिहिलेलं नसतं. ते आमच्या संगणकात कायम तयार असतं, प्रत्येक दस्ताला आपोआप चिकटतं. ज्या हाताने ते चिकटवलं त्या हाताने ते खरं होईल एवढं बघावं, असं मला मनापासून वाटतं.

खटला उभा राहिला तर न्यायालयंही हेच बघतात. अशिक्षित, वृद्ध किंवा पडदानशीन स्त्रीने दिलेल्या दस्ताबाबत, तिला तो समजला होता हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याचा फायदा झाला त्याच्यावर येते, हे तत्त्व आपल्या न्यायालयांत ब्रिटिश काळापासून चालत आलं आहे. तेव्हा वाचून दाखवण्यात भावाचंही नुकसान नसतं. उलट त्याचाच दस्त पक्का होतो. हे पक्षकारांना सांगितलं की निम्मी घाई ओसरते.

दुसरा दस्त, ज्याच्याकडे मी नेहमी डोळे उघडे ठेवून बघते, तो बक्षीसपत्र. म्हातारे आई-वडील राहतं घर मुलाच्या नावे करून देतात. परत तोच साचा: प्रेमापोटी बक्षीस दिलं, ताबा दिला, आता आमचा कोणताही हक्क राहिला नाही. मसुदा समोर असताना आजोबा हळूच विचारतात, ‘मला हयात असेपर्यंत राहता येईल ना गं तिथं?’ मुलगा शेजारीच असतो, तो म्हणतो, ‘अहो बाबा, काय विचारता!’ आणि त्याचं म्हणणं त्या क्षणी खरंही असतं. पण कागदात तसं काहीच नसतं. बक्षीसपत्र एकदा झालं की मनात आलं म्हणून रद्द होत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे, त्याच्या कलम २३ खाली सांभाळाची अट मोडली तर हस्तांतरण रद्द होऊ शकतं. पण अशी अट घालूनच मिळकत दिली होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ आई-वडिलांच्या बाजूने अधिक उदारपणे लावला, पण तिथेही मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र पुढे आलं होतं. म्हणजे म्हातारपणाचा निवारा दस्तातल्या एका ओळीवर येऊन ठेपतो. ती ओळ घालायची की नाही, हे मी ठरवू शकत नाही. मी वकील नाही, आणि अर्धवट ज्ञानावर सल्ला देणं हा या कामातला मोठा दोष आहे. पण आजोबांनी प्रश्न मला विचारला आहे, साहेबांना नाही. लोक आत केबिनमध्ये गप्प बसतात आणि बाहेर टायपिस्टकडे मन मोकळं करतात. तो प्रश्न उचलून आत नेणं माझ्या हातात आहे: ‘साहेब, ते हयातभर राहण्याबद्दल विचारतायत, त्यांच्याशी एकटं बोलता का?’

इथे खरी अडचण पैशाची आहे. फी बहुतेक वेळा लिहून घेणारा, म्हणजे ज्याच्या नावे दस्त होतो तो, देतो. मुद्रांक त्याचा, नोंदणी फी त्याची, गाडी त्याची, दुपारचं जेवणही त्याचं. लिहून देणाऱ्याचा स्वतःचा वकील क्वचितच असतो. मग आमच्यासारख्याला वाटायला लागतं की आपण एकाच बाजूचे. व्यवहार मोडला तर साहेबांची फी गेली, एजंटची दलाली गेली, आणि सगळे रागाने बघणार त्या टायपिस्टकडे, जिने मधेच प्रश्न विचारला. दहा-बारा हजारांवर काम करणाऱ्या माणसाकडून एवढ्या धैर्याची अपेक्षा करणं सोपं नाही, हे मला मान्य आहे. म्हणून नीतीचा सगळा भार खालच्या माणसावर टाकणाऱ्यांशी माझं पटत नाही. अण्णा वाचू शकले, कारण साहेबांनी त्या दिवशी ‘वेळ का घालवला’ असं विचारलं नाही. ज्या ऑफिसात पानामागे पैसे मिळतात आणि दिवसाला किती दस्त झाले यावर माणसाची किंमत ठरते, तिथे कोणी वाचून दाखवणार नाही. ही गोष्ट मालकांनी आधी ऐकायला हवी.

तरीही काही नकार असे आहेत की त्यांना धैर्यापेक्षा सवय जास्त लागते. अनोळखी माणसाची ओळख पटवायला उभं राहायचं नाही, हा त्यातला पहिला. नोंदणी कायद्याच्या कलम ८२ खाली तोतयेगिरीला आणि तिला मदत करण्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. मालक परगावी किंवा परदेशी, जमीन मोकळी, आणि त्याच्या नावाने दुसराच कोणी सही करून मोकळा: अशा प्रकरणात सूत्रधार निसटतो आणि फोटोसकट सापडतो तो साक्षीदार. मी नव्या मुलांना सांगते, कोणी कितीही जवळचा असला तरी म्हणायचं, ‘मी यांना ओळखत नाही, तुमच्या गावचं माणूस बोलवा.’ एकदा कळलं की हे माणूस अनोळख्याची ओळख पटवत नाही, की परत कोणी विचारत नाही.

मुखत्यारपत्राचंही तसंच. पुण्या-मुंबईचे, सांगली-कोल्हापूरचे कितीतरी लोक अमेरिकेत, आखातात आहेत. इथली मिळकत विकायची तर काका, भाचा किंवा मित्राच्या नावे मुखत्यारपत्र येतं. दस्तासोबत घोषणापत्र लावतात: मुखत्यारपत्र देणार हयात आहेत, त्यांनी ते रद्द केलेलं नाही. मुखत्यारपत्र देणारा वारला की सर्वसाधारणपणे अधिकार तिथेच संपतो. हे घोषणापत्रही तयार साच्यातून निघतं. आमच्याकडे ते टाइप करण्याआधी व्हिडिओ कॉल लावायची पद्धत आहे. ज्यांचा व्यवहार सरळ आहे ते आनंदाने फोन लावून देतात. तिकडे पहाट असली तरी माणूस उठून दोन शब्द बोलतो, आणि बहुतेकदा घराची चौकशी करतो.

सर्चला जाणाऱ्यांची नीती तर कोणाला दिसतही नाही. तीस वर्षांचा शोध म्हणजे सूची क्रमांक दोनची, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या यादीची, वर्षावर्षांची रजिस्टरं उघडून गट नंबर शोधणं. अलीकडचं संगणकावर मिळतं, जुनं हातानेच पाहावं लागतं. काही पानं फाटलेली, काही खंड बाइंडिंगला गेलेले, कुठे शाई उडालेली. प्रामाणिक सर्चवाला अहवालात तसं लिहितो: अमुक वर्षाची सूची उपलब्ध नव्हती, अमुक पानं जीर्ण असल्याने वाचता आली नाहीत. घाईतला माणूस चहा पिऊन येतो आणि लिहितो, ‘बोजा आढळला नाही.’ दोन्ही अहवाल बँकेला सारखेच दिसतात. त्या न पाहिलेल्या वर्षात गहाणखत निघालं तर कळतं तेव्हा घर घेणाऱ्याचे हप्ते चालू झालेले असतात.

टायपिंगच्या चुकांबद्दल एवढंच सांगते की क्षेत्र लिहिताना ०.४० हेक्टर आणि ०.०४ हेक्टर यांत एका शून्याच्या जागेचा फरक आहे, आणि जमिनीत तो एक एकर आणि चार गुंठे इतका आहे. चूक झाली की चुकदुरुस्ती दस्त करता येतो, पण त्यासाठी परत सगळ्यांनी यावं लागतं, आणि तोवर एखादा वारलेला असतो किंवा फिरलेला असतो. चूक लक्षात आली त्या क्षणी सांगणाऱ्याला ओरडा न बसेल असं ऑफिस असावं.

आणि मोबदल्याचा आकडा. कागदावर कमी, हातात जास्त, हे सगळ्यांना माहीत आहे. टायपिस्ट तो आकडा ठरवत नाही. पण पैसे कसे दिले हा तपशील चेक नंबरासकट टाइप करताना, न दिलेला चेक दिला म्हणून लिहायला सांगितलं तर तिथे बोट थांबायला हवं. विकणाऱ्याने ‘संपूर्ण मोबदला भरून पावलो’ वर सही केली की उद्या त्याच्या बाजूने बोलायला कागद उरत नाही.

कागदपत्रांच्या गुप्ततेकडे तर आमच्या क्षेत्रात कोणी बघतच नाही. आधार, पॅन, फोटो, अंगठे, बँकेचे तपशील आमच्या टेबलावर पडलेले असतात. बिघडलेल्या प्रती पाठकोऱ्या म्हणून वापरल्या जातात, कोणाचं आधार कुठल्याशा ग्रुपवर टाकलं जातं. २०१८ मध्ये तेलंगणात एका मोबाइल दुकानदाराने जमिनीच्या दस्तांवरचे अंगठ्यांचे ठसे वापरून हजारो सिमकार्डं चालू केली होती. ते वाचल्यापासून आमच्या ऑफिसात बिघडलेली प्रत फाडूनच टाकली जाते. कोणाला पैशाची नड आहे, कोण घाईने विकतोय, हेही आम्हाला आधी कळतं. ते एजंटच्या कानावर घातलं की विकणाऱ्याचा भाव पडतो. फोनवर एक वाक्य, आणि एखाद्याच्या मुलीच्या लग्नाचे पैसे कमी होतात.

माझी एक मागणी आहे, आणि ती मी वकीलसंघाच्या लोकांपुढेही मांडली आहे. जुन्या हस्तलिखित दस्तांच्या शेवटी दस्त लिहिणाऱ्याचं नाव असायचं. वाद झाला तर कोर्ट त्याला साक्षीला बोलवायचं आणि विचारायचं, तू लिहिलंस तेव्हा हे बोलणं झालं होतं का? संगणक आले आणि ते नाव बहुतेक दस्तांतून गेलं. ते परत यावं. प्रत्येक दस्ताच्या शेवटी एक ओळ असावी: हा दस्त अमुक व्यक्तीने, अमुक भाषेत, अमुक ठिकाणी पक्षकारांना वाचून दाखवला. खाली त्याची सही.

माझ्याच बरोबरीच्या काही जणी यावर घाबरतात. म्हणतात, पगार तोच आणि कोर्टाचे हेलपाटे आपल्या गळ्यात. भीती खोटी नाही, आणि म्हणून त्या ओळीसोबत आमची नोंद, ओळखपत्र आणि दस्तामागे ठरलेलं मानधनही यायला हवं. पण आज नाव नसूनही आम्ही सुटतो असं नाही. प्रकरण बिघडलं की पोलीस पहिल्यांदा ऑफिसातल्या टायपिस्टलाच बोलावतात. नाव असेल तर निदान घाई करणाऱ्या पक्षकाराला सांगता येईल की थांबा, मला इथे सही करायची आहे, मी वाचल्याशिवाय करणार नाही.